द्वारकामावशी आणि समोरची इमारत

द्वारकामावशींनी कुणाचा नमस्कार सरळ घेतलेला मी कधी पाहिला नाही. समोरच्याने हात जोडले की त्या आधी त्याच्या हातांकडे बघत, मग त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघत, आणि मग विचारत, "काऊन बाप्पा? काय काम काढलं?" निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार गल्लीत आला की त्याचेच कार्यकर्ते त्याला मावशींच्या दारावरून लगबगीने पुढे नेत. एकदा एक नवखा उमेदवार चुकून थांबला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. मावशींनी पाय मागे घेतले. "पाया पडनाऱ्याचं तोंड दिसत नाई," त्या म्हणाल्या. "उभा राह्य, अन् मंग बोल."

खामगावात, कधीच्याच बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मैदानासमोर त्यांची खानावळ होती. पाटी नव्हती. पाटी पाहून कोणीही आत शिरतो, आणि त्यांना माणूस पाहून घ्यायचा असायचा. मी लोणारहून तिथल्या कॉलेजात शिकवायला आलो तेव्हा कुणीतरी मला त्यांच्याकडे पाठवलं. उंच, हाडकुळी बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि एक डोळा जरा बारीक केलेला. तो डोळा जन्मतः तसा होता की माणसं पारखून तसा झाला, कोण जाणे.

"गाव?"

"लोणार."

"लगन?"

"नाही झालं अजून."

त्यांनी मान हलवली. ती मान 'बरं' म्हणून हलली की 'पाहू' म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. आठवडाभराने वाढता वाढता त्या सहज म्हणाल्या, "लोनार, तुही आई गुडघ्यानं लंगडते म्हने. मालिश करत जाय म्हना. अन् तुह्यं लगन खरंच नाई झालं." लोणारच्या एसटीचा कंडक्टर दुपारी त्यांच्याकडे जेवायचा, हे मला नंतर समजलं.

जेवणाऱ्या प्रत्येकाला त्या गावाच्या नावाने हाक मारत. ए मेहकर, भाकर घे. नांदुरा, ताक पाह्यजे का? मला तर शेवटपर्यंत लोनारच. माणूस नाव खोटं सांगू शकतो, पण त्याच्या गावाला जाणारी एसटी खोटी नसते, असं त्यांचं म्हणणं. दूध आलं की वास घेणार. नारळ कानाशी नेऊन हलवणार. दुकानदाराने 'मावशी, तुमच्यासाठी खास ठेवलंय' म्हटलं की ती वस्तू तिथेच ठेवून दुसरी मागणार. कुणी काही फुकट देऊ केलं, कुणी भलं करायला निघालं, की त्यांचा एकच सवाल असायचा: "यात त्याचं काय?"

त्यांचा संशय नेहमी खरा ठरे असं मात्र नाही. खानावळीत पिंपळगाव राजाचा एक जण जेवायला यायचा, तेलाच्या मिलमध्ये कारकून होता. गरीब स्वभावाचा, खाली मान घालून जेवणारा. एकदा स्टीलच्या वाट्या दिसेनाशा झाल्या आणि मावशींनी भर पंगतीत त्याला उठवलं. म्हणे, जो मान वर करत नाही त्याच्या मनात काहीतरी असतंच. तो बिचारा हात धुऊन निघून गेला. पुढे दिवाळीच्या सफाईत पिठाच्या डब्यामागे वाट्या सापडल्या, मावशींनी स्वतःच्याच हाताने ठेवलेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "लोनार, चाल. साक्षीदार पाह्यजे." आम्ही बसने पिंपळगाव राजाला गेलो. विचारत विचारत त्याचं घर गाठलं. तो दारात आला आणि मावशींना पाहून त्याचा चेहराच उतरला. मावशींनी पिशवीतून वाट्या काढल्या आणि त्याच्यापुढे धरल्या.

"ह्या घे."

"मावशी, मी खरंच नव्हत्या नेल्या हो..."

"माहीत हाये मले. मी तुले चोर म्हनली ना? आता ठेवून घे, म्हंजे माह्यं बोलनं खोटं पडनार नाई अन् तुह्या मनातबी राह्यनार नाई."

त्याची आई मागून हसली. मग तोही हसला. मावशी काही हसल्या नाहीत. चहाला मात्र थांबल्या. परतताना बसमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "चुकली मी. पन इचारलं नसतं तं आयुष्यभर त्याच्याकडं वाकडं पाह्यलं असतं. इचारून चुकलेलं बरं."

त्यांना असं संशयी कशाने केलं, याचं एक कारण मला ठाऊक होतं. त्यांचं माहेर पूर्णेच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, त्या पाण्याचा चहासुद्धा खारट लागतो. त्या भागात किडनीच्या आजाराने माणसं जातात. शेजारच्या घरात कोणी गेलेलं असतं, आपल्या घरात कोणाचे तरी पाय सुजलेले असतात. मावशींचा धाकटा भाऊ श्रीराम असाच गेला. तो अजून धडधाकट होता तेव्हा कुठल्याशा मोठ्या शहरातून गाडीभर माणसं गावात आली. शाळेच्या वर्गात टेबलं मांडली, सगळ्यांचं रक्त घेतलं, लघवी घेतली, वजन केलं, हातावर बिस्किटांचे पुडे ठेवले. 'तुमच्या गावासाठीच करतोय' म्हणाली आणि गेली. श्रीरामने पुढे कितीतरी दिवस चौकशी केली. सरपंचाला विचारलं, दवाखान्यात विचारलं. त्या रक्तात काय निघालं ते कुणालाच कळलं नाही. त्याचे पाय सुजायला लागले तेव्हा उशीर झाला होता. मग अकोल्याच्या खेपा, एसटीने, डायलिसिसच्या मशीनवर बसायला. एके दिवशी परतीच्या बसमध्येच त्याने बहिणीच्या खांद्यावर मान टाकली.

"त्याईच्या वहीत माह्या भावाचं रक्त हाये," मावशी म्हणायच्या. "माहा भाऊ कोठीच नाई."

अशा बाईच्या दारासमोर, त्या बंद जिनिंगच्या मैदानावर, किडनीच्या आजारावर संशोधन करणारं मोठं केंद्र उभं राहणार असं जाहीर झालं.

शहराला आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. चौकाचौकांत फ्लेक्स लागले. पानठेलेवाला म्हणाला, गिऱ्हाईक वाढेल. ऑटोवाले म्हणाले, स्टेशनपासून फेऱ्या वाढतील. कॉलेजात आमच्या प्राचार्यांनी सांगितलं, आपल्या मुलींना प्रयोगशाळेत कामं मिळतील, पुण्या-नागपूरला जायला नको. जाणकार म्हणाले, अकोल्याची वाट वाचेल. आणि प्रत्येक जण मावशींना सांगून जाई, "मावशी, तुमचं तं सोनं झालं! डॉक्टर काय, पोरं काय, सगळे तुमच्याकडंच जेवतीन."

मावशी तांदूळ निवडत ऐकून घेत. एक खडा बाजूला टाकत म्हणत, "सगळ्याईचं सोनं होऊन राह्यलं. खान कोनाच्या घरात खोदनार हायेत ते कोनी सांगत नाई."

वाचनालयाच्या सभागृहात नागरिकांची सभा झाली. मंचावर पुढारी, केंद्राचे संचालक आणि दोन-तीन डॉक्टर. संचालक फार गोड बोलणारे गृहस्थ होते. पडद्यावर इमारतीचं चित्र दाखवलं: काचेच्या भिंती, समोर कारंजं, हिरवळीवर फिरणारी माणसं. मावशी माझ्याशेजारी बसल्या होत्या. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "यातलं एकबी मानूस खामगावचं नाई. इतक्या उन्हात हिरवयीवर कोन फिरते?"

प्रश्न विचारा, असं म्हणताच त्या उठल्या. माईक हातात घेतला नाही.

"तुमी रक्त तपासनार. बरं. तपासून झालं का मंग काय?"

सभागृहात हसू पसरलं. संचालकही हसले. "मावशी, छान प्रश्न आहे. आपण नंतर वेगळं बोलू ना."

"येगळं कायले? मी काई तुमची सोयरीक घेऊन नाई आली. सगळ्याईसमोर बोला."

आता कुणी हसलं नाही. "माह्या भावाच्या गावात असेच लोक आलते," त्या म्हणाल्या. "रक्त नेलं अन् गेले. त्याईले काय समजलं ते आमाले नाई समजलं. आता तुमी आले. आमच्या रक्तातून जे निघीन ते आमाले सांगसान का? अन् ज्याच्यात खराबी निघाली त्याले इथंच दवापानी करसान, का पुन्हा अकोल्याच्या बसमधी बसवसान?"

संचालक पुढाऱ्यांकडे पाहू लागले. तेवढ्यात मंचाच्या टोकाला बसलेली एक तरुण डॉक्टर उठली. तिचं नाव वृंदा, साताऱ्याकडची. संशोधनाचं काम तिच्याकडे असणार होतं. ती म्हणाली, "संशोधन म्हणजे उपचार नव्हे, हे आधी सांगते. काय निघालं ते प्रत्येकाला सांगायचं, हे मी कबूल करते, ते माझ्या हातात आहे. इथं डायलिसिसची सोय होईल की नाही, मला माहीत नाही. आत्ता ठरलेलं नाही. आज हो म्हटलं तर ते खोटं होईल."

संचालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मावशी खाली बसल्या. बराच वेळ त्या मुलीकडे बारीक डोळ्याने पाहत राहिल्या. "मंचावर बसून 'माहीत नाई' म्हननारं मानूस पह्यल्यांदा पाह्यलं," एवढंच म्हणाल्या.

दोन-चार दिवसांनी वृंदा डॉक्टर खानावळीत जेवायला आली. मला वाटतं ती मुद्दामच आली होती. मावशींनी ताट वाढलं, समोर पाट घेऊन बसल्या आणि उलटतपासणी सुरू झाली. आईवडील काय करतात, मोठ्या शहरात नोकरी का नाही केली, खामगावलाच का.

"अन् यात तुह्यं काय?" शेवटी नेहमीचा सवाल आला.

मुलीने घास खाली ठेवला. "माझं नाव होईल. या आजारावर काम करणारे फार नाहीत. इथं काम झालं तर मला पुढे चांगली जागा मिळेल. आजार थांबवावा असंही मनापासून वाटतं. पण नाव होईल हेही खरं."

"अन् मंग जाशीन?"

"बहुतेक जाईन."

मावशींनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, वर ठेचा ठेवला. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "हे पोरगी रक्त घेऊन तं जाईन. पन सांगून नेनारी हाये."

अशा केंद्रात माणसांवर काही अभ्यास करायचा तर आधी एका समितीची परवानगी लागते. तो योग्य आहे ना, माणसांना त्रास नाही ना, हे ती समिती पाहते. तिच्यात डॉक्टरांखेरीज एक साधा नागरिकही घ्यावा लागतो. संचालकांच्या मनात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. वृंदाने मावशींचं नाव सुचवलं.

मावशींना आधी हेच संशयास्पद वाटलं. "भुकनाऱ्या कुत्र्याले भाकर टाकतात, तसं तं नाई ना हे?" त्यांनी वृंदाला तोंडावर विचारलं.

"असेलही. तुम्ही भाकरी खाऊन भुंकणं सोडू नका."

त्या दिवशी मावशी हसल्याचं मी पाहिलं. पदर तोंडाला लावून, चोरी पकडली गेल्यासारखं.

समितीचे कागद मराठीत येत, पण ती मराठी मावशींच्या उपयोगाची नसे. मग दुपारी कॉलेज सुटलं की मी ओट्यावर बसून ते वाचून दाखवी. एकदा मी वाचलं, "'सहभागी व्यक्तीस कोणतेही कारण न देता अभ्यासातून माघार घेण्याचा अधिकार राहील.'"

"म्हंजे?"

"म्हणजे नको वाटलं तर मध्येच सोडून जाता येतं."

"मंग तसं लिहायले काय झालं? याचं बोट दुखते काय?" त्यांनी मला पेन घ्यायला लावलं. "लिह्य. 'नाई' म्हटलं तरी चालते. कोनी रागावनार नाई. तुमची दवा बंद होनार नाई."

बैठकीत संचालकांनी ही भाषा बोली आहे, कागदाला शोभत नाही, असं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "कागदाले शोभलं पाह्यजे का मानसाले समजलं पाह्यजे?" ती वाक्यं राहिली. 'नाई'चं 'नाही' आणि 'कोनी'चं 'कोणी' तेवढं झालं, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. इमारतीतही पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेआधी तळमजल्यावर डायलिसिसची खोली झाली पाहिजे, हे टुमणं त्यांनी प्रत्येक बैठकीत लावलं. विषय कोणताही असो, त्या शेवटी विचारायच्या, "अन् थ्या खोलीचं काय झालं?" लोक कंटाळले. पण शेवटी खोली झाली. त्यात मावशींच्या टुमण्याचा वाटा किती आणि वृंदाने वरपर्यंत केलेल्या खटपटीचा किती, हे सांगता येणार नाही.

पण त्याआधी तो कागद आला, ज्याने पुढचं सगळं घडलं. पहिला अभ्यास मावशींच्या माहेरच्या गावात करायचं ठरलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर रक्ततपासणीचं शिबीर होतं. मी वाचत होतो: "'नमुने आवश्यकतेनुसार अन्यत्र पाठविण्यात येतील.'"

"अन्यत्र म्हंजे कोठी?"

"दुसरीकडे."

"दुसरीकडं म्हंजे कोठी?"

मला सांगता आलं नाही. बैठकीत संचालकांनाही सांगता आलं नाही. ते म्हणाले, ही नेहमीची वाक्यरचना आहे, सगळीकडे असते. मावशी हटल्या नाहीत. श्रीरामचं रक्तही अन्यत्रच गेलं होतं, म्हणाल्या. हे कुठे जाणार, किती दिवस ठेवणार, तिथे जे समजेल ते परत इथे कसं येणार, हे लिहिल्याशिवाय माझी संमती नाही. एकट्या त्यांच्या नाहीने काम अडलं नसतं. पण वृंदा म्हणाली, प्रश्न बरोबर आहे, उत्तर आल्यावरच करू. शिबीर पुढे ढकललं. उत्तरं यायला पावसाळा गेला, दिवाळीही गेली. शेवटी प्रयोगशाळेचं नाव, गाव, मुदत, सगळं लिहून आलं. मावशींनी मला ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं आणि संमती दिली.

शिबिराच्या आधी गावात कुजबुज सुरू झाली की हे लोक रक्त काढून विकतात. माहेरची दोन-चार माणसं खानावळीत आली. मावशी आपल्याच बाजूने बोलतील अशी त्यांची खात्री होती.

"तुमाले कोनं सांगतलं?" मावशींनी विचारलं.

"गावात बोलून राह्यले सगळे."

"सगळे म्हंजे कोन? नाव सांग."

एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं. मावशींनी तिथेच त्याला फोन लावायला लावला. त्याने तिसऱ्याचं नाव सांगितलं. तिसरा म्हणाला, लोक म्हणतात. तिथे धागा संपला. मावशी कडाडल्या, "संशय घ्या लागते तं पुरा घ्या! डॉक्टरीनवर घेता अन् या लोकाईवर नाई घेत? अर्धा संशय म्हंजे नुसती चहाडी." शिबिराच्या दिवशी त्या पहिल्या बसने गेल्या आणि शाळेच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मीही सोबत होतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, "ऐकून घे. नाई पटलं तं घरी जाय." आणि सर्वांत आधी स्वतःचा हात पुढे केला. सुई टोचताना ती नवी आहे ना, हे पाकीट फोडण्याआधी पाहून घेतलं.

त्याच शिबिरात श्रीरामच्या सुनेचं, कुसुमचं रक्त घेतलं गेलं.

कुसुमचे पाय पावसाळ्यातच सुजू लागले होते. घरच्यांनी म्हटलं, खामगावला दाखवून येऊ. ती म्हणाली, आत्याबाईंचं शिबीर येऊनच राहिलंय, तेव्हाच दाखवते, सोयाबीन काढायचं आहे. शिबीर येता येता हिवाळा उजाडला. तिचं रक्त तपासून आलं तेव्हा वृंदा स्वतः गावात गेली आणि तिच्या घरात बसून तिला सांगितलं. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या.

मी संध्याकाळी खानावळीत गेलो तेव्हा चूल पेटलेली नव्हती. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर सूप होतं, त्यात डाळ होती, आणि हात थांबलेले होते.

"लोनार," त्या म्हणाल्या, "माह्या 'कोठी'नं त्या पोरीचा घात केला."

मी काही बोलणार तेवढ्यात वृंदा आली. ती त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली. "मावशी, हा आजार पावसाळ्यात सुरू झालेला नाही. आत कितीतरी वर्षं चालू असतो."

"तू मले बरं वाटावं म्हून सांगून राह्यली."

"नाही. हे खरं आहे."

"अन् पावसायात पाह्यलं असतं तं?"

वृंदाने मान वर केली. समोरच्या इमारतीवर कामगार पाण्याचा पाइप घेऊन भिंतीवर पाणी मारत होते.

"कदाचित थोडा वेळ मिळाला असता," ती म्हणाली. "कदाचित नसता. मला माहीत नाही, मावशी."

मावशींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "हे खरं बोलली तू," त्या म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून आत गेल्या. त्या दिवशी खानावळीत कुणी जेवलं नाही, आणि का नाही असं कुणी विचारलंही नाही.

पुढच्या बैठकीला त्या जाणार नाहीत असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्या गेल्या. बैठक संपत आली तेव्हा संचालक अगदी मृदू आवाजात म्हणाले, "मावशी, घरात जे झालं त्याचं फार वाईट वाटलं. पण आता लक्षात आलं ना, उशीर का परवडत नाही?"

हे मला वृंदाने सांगितलं. मावशींनी पदराचं टोक हातात घेतलं, पण डोळ्यांना लावलं नाही.

"आलं लक्षात," त्या म्हणाल्या. "म्हून आता अन्यत्र म्हंजे कोठी, ते पह्यलेच लिहून आनत जा. मंग माह्यामुळं उशीर नाई होनार."

तळमजल्यावरची खोली सुरू झाली. पहिल्या काही पेशंटांत कुसुम होती. तिला अकोल्याला जावं लागलं नाही. ठरल्या दिवशी ती सकाळच्या बसने येई, मावशी तिला स्टँडवर घ्यायला जात, मशीनवर बसवत आणि तिच्या उशाशी स्टुलावर बसत. मशीन लावणारा मुलगा हात धुतो की नाही याकडे त्यांचं लक्ष असे. नळी बदलली की त्या विचारत. सुरुवातीला तो चिडायचा. नंतर त्यालाच सवय झाली. मावशी दिसायच्या आधीच तो हात वर करून दाखवायचा, धुतलेले. कुसुम मात्र आत्याशी त्या पावसाळ्याबद्दल कधी काही बोलली नाही. मावशींना तेही खटकायचं. "रागावली असती तं बरं झालं असतं," म्हणायच्या. "गप मानसाचं काई समजत नाई."

पण एक दिवस मी भेटायला गेलो तेव्हा पाहिलं, कुसुम मशीनला जोडलेली झोपली होती आणि तिचा मोकळा हात मावशींच्या मांडीवर होता. मावशी हलत नव्हत्या. पाय अवघडलेला स्पष्ट दिसत होता, तरी हलत नव्हत्या.

वृंदा तिने सांगितल्याप्रमाणे काही वर्षांनी गेली. मोठ्या शहरात मोठी जागा मिळाली. जायच्या आधी ती खानावळीत जेवायला आली. मावशींनी पुरणपोळी केली होती. पाया पडायला ती वाकली, तर मावशींनी दंडाला धरून सरळ उभं केलं, बारीक डोळ्याने नीट पाहून घेतलं, आणि बांगडी भरल्यासारखा तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. कोण काय बोललं ते मला ऐकू आलं नाही.

तिच्या जागी आलेला डॉक्टर गोड बोलायचा. मावशींचा संशय पुन्हा ताजा झाला.

मग माझी बदली बुलढाण्याला झाली. मावशी गेल्याचं मला फोनवर कळलं. आजार वगैरे काही नव्हता. दुपारी जेवणाऱ्यांची पंगत उठल्यावर भिंतीला टेकून बसल्या, त्या तशाच राहिल्या. कुसुम अजून मशीनवर येते. आता तिची मुलगी तिला आणते.

केंद्राने शहराचं काय भलं केलं, असं कुणी विचारलं की मला धड उत्तर देता येत नाही. खोली चालू आहे, हे खरं. दहा-बारा मुली प्रयोगशाळेत कामाला आहेत, त्यातल्या काही माझ्या विद्यार्थिनी. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला आता आपल्या रक्तात काय आहे ते समजतं. आजार का होतो, याचं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही. आणि चित्रातलं ते कारंजं कधी झालंच नाही.

मावशींची आणि माझी शेवटची भेट त्या इमारतीतच झाली. मी सुट्टीत खामगावला गेलो होतो. त्या म्हणाल्या, चाल, तुले एक दाखवते. आम्ही जिन्याने वर गेलो. पहिला मजला चालू होता. त्या थांबल्या नाहीत. धापा टाकत, कठड्याला धरत, दुसऱ्या मजल्यावर आल्या. तिथे लांब व्हरांडा होता, ओळीने काचेची दारं, आणि प्रत्येकाला कुलूप. मशिनी यायच्या आहेत, असं सांगतात म्हणाल्या. कधीपासून सांगतात. आत दिवे नव्हते. मावशी एका दारापाशी गेल्या, काचेवर कपाळ टेकवलं, उजेड अडवायला डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना तळहात धरले आणि आत पाहू लागल्या. त्यांच्या श्वासाने काचेवर वाफ धरली. ती पदराने पुसून त्यांनी पुन्हा कपाळ टेकवलं. बराच वेळ झाला. खाली कुणीतरी त्यांना हाक मारत होतं.

"मावशी, काय दिसतं?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवली नाही.

"काईच दिसत नाई," त्या म्हणाल्या. "म्हून तं पाहून राह्यली."